‘क्रुएल’ आणि ‘कॅलस’ : दोन शब्दांमधील नैतिक अंतर

इंग्रजीतील ‘ब्रूटल’, ‘क्रुएल’ आणि ‘कॅलस’ हे शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी वापरले जात असले, तरी त्यांतील दोषाची कल्पना भिन्न आहे. ‘ब्रूटल’ हा शब्द दोष पशुत्वावर टाकतो. ‘क्रुएल’मध्ये दुसऱ्याच्या वेदनेची जाणीव बहुधा गृहीत असते. ‘कॅलस’च्या मुळाशी मात्र कातडीवरील घट्ट्याचा लॅटिन शब्द आहे. जी वेदना जाणवतच नाही, तिच्याबद्दल दोषी कसे धरावे?

नाबोकोव्हच्या ‘लोलिटा’मध्ये (१९५५) कॅसबीमचा न्हावी केस कापताना आपल्या मुलाविषयी बोलत राहतो. तो मुलगा जाऊन ३० वर्षे झाली आहेत, हे तसबिरीकडे बोट दाखवले जाते तेव्हाच हम्बर्टच्या ध्यानात येते. रिचर्ड रॉर्टी यांनी १९८९ मध्ये या प्रसंगाच्या आधारे हम्बर्टची क्रूरता त्याच्या कुतूहलशून्यतेत शोधली, आणि घाईने वाचणाऱ्या वाचकालाही त्या आरोपातून वगळले नाही.

हे विवेचन स्वीकारले, तर ‘कॅलस’ ही ‘क्रुएल’ची सौम्य छटा उरत नाही. घट्टा एका दिवसात पडत नाही. प्रत्येक दुर्लक्षाने तो जाड होतो, आणि त्या प्रत्येक वेळी लक्ष देणे शक्य असते. न जाणवण्याची जबाबदारी तेथेच सुरू होते.