लगाम आणि जीभ

परभणी स्टेशनाबाहेर पूर्वी टांगे उभे असत, हे आपणांतील वृद्धांस आठवत असेल. घोड्याच्या साजात पुष्कळ वस्तू असतात. तंगाने साज जागचा हलत नाही. झापडांनी घोडा बिचकत नाही. परंतु त्याला वळवावयाचे ते तोंडातील लहानशा कडियाळ्यानेच. ते जिभेवरून जाऊन पुढल्या व मागल्या दातांमधील मोकळ्या हिरडीवर टेकते. ती जागा फार कोमल असते. म्हणून शहाणा हाकणारा लगाम हलका धरतो. अडाणी हिसके देतो, आणि तोंड दुखावून अखेर निबर होते. मग तो घोडा कोणाचेच ऐकत नाही.

याकोबाने आपल्या पत्राच्या 3 ऱ्या अध्यायात जिभेविषयी शिकविताना हाच दृष्टांत घेतला आहे. आम्ही एकदा एका भावास मंडळीदेखत कठोर शब्दांनी दटाविले. त्याची चूक खरी होती. तरी तो पुन्हा उपासनेस आला नाही. आम्ही त्याच्या दारी गेलो, परंतु फार उशिरा. हिसका आमचा होता. उपदेशकहो, दुसऱ्यांचा लगाम हाती घेण्यापूर्वी आपण आपल्याच जिभेस कडियाळे घालू या. आणि ज्यास दुखविले असेल, त्याच्या दारी आजच जाऊ या.