सुखाचे तीन प्रकार आणि माझी नवी गिटार

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ३६ ते ३९



रोज एक श्लोक घ्यायचा असा आपला नेम आहे. आज चार एकत्र घेतोय, कारण ते तोडले की अर्थ तुटतो. भगवान अर्जुनाला सांगतात की सुखाचेही तीन प्रकार आहेत. एक सुख सुरुवातीला विषासारखं कडू लागतं आणि शेवटी अमृत ठरतं. त्यात माणूस सरावानेच रमायला लागतो. ते सात्त्विक. दुसरं इंद्रियाला त्याचा विषय भेटला की लगेच उसळतं, आधी अमृतासारखं आणि परिणामी विषासारखं. ते राजस. तिसरं झोप, आळस आणि बेफिकिरी यांतून येतं. त्यात आधीही गुंगी आणि नंतरही गुंगी. ते तामस. या तिसऱ्याचा माझा रविवार दुपारचा अनुभव दांडगा आहे, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

एरवी मी आधी श्लोक वाचतो आणि मग त्याला आयुष्यातलं उदाहरण शोधत बसतो. या वेळी उदाहरण आधीच घरात येऊन बसलं होतं. बैठकीत, सोफ्याच्या बाजूला, स्टँडवर.

मी इलेक्ट्रिक गिटार घेतली. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी.

हसू नका. ही इच्छा १९९२ ची आहे. आमच्या गल्लीतल्या गणपतीसमोर ऑर्केस्ट्रा आला होता. मी चौदा वर्षांचा, पहिल्या रांगेत सतरंजीवर. ‘दम मारो दम’ सुरू झालं आणि लाल शर्टातल्या एका माणसाने गिटारवर तो सुरुवातीचा तुकडा वाजवला. मूळ गाण्यात, १९७१ साली, तो भूपिंदर सिंग यांनी वाजवला होता हे मला फार नंतर कळलं. त्या रात्री एवढंच कळलं की माझ्या छातीत काहीतरी हललं आणि ते परत जागेवर बसलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबांना म्हटलं, मला तशी गिटार पाहिजे. बाबा गिरणीत होते आणि गिरणीचे दिवस तेव्हा भरत आले होते. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “पयले पोट, मंग पेटी.” गिटारीला ते शेवटपर्यंत पेटीच म्हणत.

पुढे शिक्षण, नोकरी, बहिणीचं लग्न, घराचे हप्ते, मुलीचं कॉलेज. सीताबर्डीवरून जाताना वाद्यांच्या दुकानाच्या काचेपाशी दोन मिनिटं थांबायची सवय मात्र गेली नाही. काचेत ती टांगलेली असायची. १९५४ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून स्ट्रॅटोकास्टर नावाची गिटार निघाली, दोन शिंगांची, कमरेला बाक असलेली. सत्तर वर्षं झाली, त्या आकारात फारसं काही बदललेलं नाही. जगभरच्या निम्म्या गिटारी तिच्या बहिणी वाटतात. मला हवी होती ती त्याच घडणीची, आकाशी रंगाची.

या आषाढीच्या आठवड्यात मी दुकानात गेलो आणि काचेच्या आत गेलो. बस.

त्या दोन दिवसांचं सुख कसं सांगू? रात्री तीन वाजता उठून मी बैठकीत दिवा लावून नुसता बघत बसलो. केस उघडल्यावर येणारा लाकडाचा आणि नव्या तारांचा वास घेतला. ऑफिसात फायली चाळताना अचानक आठवायचं, अरे, ती घरी आहे! आणि हसू यायचं.

आता इथे एक जुना युक्तिवाद आहे. तो तुम्हीही प्रवचनात ऐकला असेल. वस्तूत सुख नसतंच, म्हणे. वस्तू मिळाली की तेवढा वेळ इच्छा शांत होते आणि आतलं मूळचं सुख वर येतं. आपण उगाच त्याचं श्रेय वस्तूला देतो. पुष्कळ वर्षं मला हे पटत होतं. पण प्रामाणिकपणे सांगतो, गिटार घरात आल्यावर पटेना. सुख फक्त इच्छा संपण्याचंच असतं तर मागच्या वर्षी फ्रीज घेतला तेव्हाही मी रात्री तीनला उठलो असतो. फ्रीजचीही दोन वर्षं वाट पाहिली होती! वस्तूवस्तूत फरक आहे. काही वस्तू आपल्यातल्या कुठल्यातरी न जगलेल्या भागाला हाक मारतात. म्हणून मिळण्याच्या आनंदाला सरसकट मोह म्हणणं मला थोडं आळशीपणाचं वाटतं. गीताही तसं म्हणत नाही. राजस सुख आधी अमृतासारखं असतं असंच तिथे म्हटलं आहे. ते अमृत खोटं आहे असं म्हटलेलं नाही.

मग विष कुठून येतं? माझ्या घरी ते दोन वाटांनी आलं, आणि तेही तीन दिवसांत.

पहिली वाट किंमत. बायकोने विचारलं, केवढ्याला पडली? मी म्हणालो, अठरा हजार. खरी किंमत एकतीस. कोणी गळा धरला नव्हता. ती कधी खर्चाला टोकत नाही. तरी तोंडातून अठरा निघालं, कारण त्या क्षणी उत्तर देणारा सत्तेचाळीसचा नव्हता, चौदाचा होता, आणि समोर बायको नव्हती, बाबा होते. रात्री वाजवायला बसलो तर बोटांपेक्षा तेरा हजारच जास्त आठवत राहिले.

दुसरी वाट यापेक्षा वाईट. आमच्याकडे नवीन काही आलं की आई हळदकुंकू वाहते. सायकल असो, मिक्सर असो, मुलीचा लॅपटॉप असो. आई अठ्ठ्याहत्तरची आहे. ती ताम्हण घेऊन आली. आधी तिने माठ वाजवून बघतात तसं गिटारीवर बोटाने टकटक केलं. “बाई, हे तर आतून भरीव हाय. आवाज कोठून येईन रे?”

प्रश्न अगदी बरोबर होता. साध्या गिटारीला पोकळ पोट असतं, तेच आवाज मोठा करतं. हिला पोट नाही. तारांखाली चुंबकं बसवलेली असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि त्या वेढ्यांत अगदी बारीकशी वीज उठते. फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवलेलं तत्त्व हेच. ती वीज ॲम्प्लिफायरमध्ये गेली की गर्जना, नाही गेली की नुसती कुजबुज, जी वाजवणाऱ्यालाच ऐकू येते. आईला मी हे मोठ्या उत्साहात समजावत होतो. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिने कुंकवाचं बोट त्या आकाशी रंगाकडे नेलं.

मी तिचा हात धरला. “आई, नको. पॉलिश खराब होईल.”

ती काही बोलली नाही. “राहू दे, राहू दे. तुयं नवं हाय,” एवढंच म्हणून ताम्हण घेऊन देवघरात गेली.

मित्रांनो, हे लिहिताना अजूनही हात थांबतो. ज्या बोटाने मला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला शिकवलं, ते बोट मी एका पॉलिशसाठी अडवलं. तीन दिवसांपूर्वी ही वस्तू माझ्या आयुष्यात नव्हती आणि आता मी तिचा पहारेकरी झालो होतो. मला वाटतं, राजस सुख विष होतं ते नेमकं इथे. मिळाल्याच्या आनंदात दोष नाही. पण त्याच्या मागोमाग जी राखण सुरू होते, कोणाला कळू नये, कोणी हात लावू नये, ओरखडा पडू नये, तिच्यात अमृत नासतं.

त्या संध्याकाळी देवघरात बाबांची खंजिरी दिसली. रोजच दिसते, खिळ्याला टांगलेली. बाबा गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनाला जायचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या हातात खंजिरी असायची. त्या एवढ्याशा वाद्यावर त्यांनी सगळा विदर्भ हलवला हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. आज नागपूरच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. बाबांची खंजिरी त्यांच्या लग्नाच्याही आधीची. तिचं चामडं दोनदा बदललं, एक झांज नाहीशी झाली, कडेला कोणाच्या तरी अंगठीने खोल खाच पडली. भजनाआधी ती शेगडीवर धरून तापवायचे, चामडं ताणून यावं म्हणून. म्हणून एक बाजू काळी आहे. मंडळात जो मागेल त्याच्या हातात जायची. कधी आठ-आठ दिवस दुसऱ्याकडे राहायची. ती कुठे आहे म्हणून बाबांना घोर लागलेला मी पाहिला नाही. आणि तरी ती खंजिरी त्यांची होती हे सगळ्या वस्तीला माहीत होतं.

त्याच रात्री बायकोला खरी किंमत सांगितली. ती पोळ्या लाटत होती, मागे वळलीही नाही. “काय जी, बँकेचा मेसेज माझ्याही फोनवर येतो.” मग थोड्या वेळाने, “मला वाटलं तुम्ही कधी सांगता ते बघावं.” दोन दिवस ती जाणून होती. हे ऐकून बरं वाटलं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आईला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः बोलावलं. गिटारीच्या मानेच्या टोकाला, जिथे तारांच्या खुंट्या असतात, तिथे तिने कुंकू लावलं. अंगावर लाव म्हटलं तरी लावलं नाही. “तिथं नको, तुयं पॉलिश जाईन.” टोमणा होता की माया, आईच्या बाबतीत हे दोन वेगळे काढता येत नाहीत.

आता सात्त्विक सुखाकडे येतो, जे आधी विष असतं. ते विष मी सहा आठवडे रोज अर्धा तास घेतोय. डाव्या हाताच्या चार बोटांना आधी फोड आले, मग कातडी निघाली, आता घट्टे पडायला लागलेत. एफ नावाची एक कॉर्ड आहे, तीत एकाच बोटाने आडव्या तारा दाबून धरायच्या असतात. ती अजून स्वच्छ वाजत नाही. पावसाळी हवेने तारांवर गंज धरतो, तो रोज पुसावा लागतो. चौदाव्या वर्षी बोटं वळली असती. आता वळत नाहीत, हे मान्य करणं हेही कडूच.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्यांना बोटं दाखवली. ते दर रविवारी दीक्षाभूमीवर जातात, वाचन मोठं आहे. त्यांनी सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट सांगितली. सोण आधी वीणा वाजवायचा. भिक्खू झाल्यावर तो इतका चालत ध्यान करायचा की पाय रक्ताळले, आणि मग त्याच्या मनात आलं, हे सोडून घरी जावं, संपत्ती आहे, दानधर्म करावा. बुद्धांनी त्याला विचारलं, वीणेच्या तारा फार ताणल्या तर नीट वाजायची का? नाही. फार सैल सोडल्या तर? नाही. मग उद्योगाचंही तसंच ठेव. सहकारी म्हणाले, “तुम्ही पण जरा ढील द्या. अर्धा तास म्हणजे अर्धाच तास.” आमच्या गीतेचा सराव आणि त्यांच्या सुत्तातली तार माझ्या एकाच गिटारीवर येऊन बसली, याची मला गंमत वाटली.

एका वाचक ताईंनी मागे विचारलं होतं, भक्तीच्या घरात असली विजेची वाद्यं शोभतात का? ताई, हार्मोनियम युरोपातून आली. १९४० साली आकाशवाणीने तिला बंदी केली, ती १९७१ पर्यंत चालली. आज पेटीशिवाय भजन सांगा बरं कोणाचं! ब्रिजभूषण काबरा यांनी गिटारवर राग वाजवून दाखवले, विश्वमोहन भट्ट यांना मोहनवीणेच्या वादनाबद्दल १९९४ साली ग्रॅमी मिळालं, आणि मोहनवीणा मुळात गिटारच. वाद्य परकं नसतं, फार तर नवखं असतं.

गेल्या गुरुवारी आईने हरिपाठ म्हटला आणि मी मागे तीन कॉर्ड धरून बसलो. दोन ठिकाणी चुकलो. आई थांबली नाही, मीच धावत तिला गाठलं. काचेपाशी उभं राहून तीस वर्षं जे कल्पिलं होतं, त्यात हे कुठेच नव्हतं. कल्पनेत मी लाल शर्टात होतो.

आता जे सुटलेलं नाही ते सांगतो आणि थांबतो. शेजारच्या इमारतीत एक मुलगा आहे, नववीतला. गेल्या महिन्यापासून तो आवाज ऐकून दारात येऊन उभा राहतो. एकदा म्हणाला, “काका, हातात धरू का?” दिली. त्याच्या पट्ट्याचं बक्कल गिटारीच्या पाठीला घासलं. मी ऐकलं, आणि काही बोललो नाही, याचा मनातल्या मनात जरा अभिमानही वाटून घेतला. काल तो पुन्हा आला. त्यांच्या मंडळाच्या गणपतीत मुलांचा कार्यक्रम आहे. चार दिवस गिटार न्यायची विचारतोय, ॲम्प्लिफायरसकट. मांडवात पाणी गळतं हे मला माहीत आहे. त्याला म्हटलं, बघतो. रात्री देवघरात दिवा लावताना खंजिरीकडे बघायचं मी टाळलं.

उद्या संध्याकाळी तो उत्तर घ्यायला येणार आहे.

उद्याचं वाचन : अध्याय १८, श्लोक ४०.