शिक्षकाच्या थकव्याचे पाप कोणाच्या माथी?

मे महिना सरत आला की आमच्या वसईच्या वाड्यांतून आगोटीची लगबग सुरू होते. लाकडे आत भरायची, पागोळ्यांची वाट मोकळी करायची, सुकी मासळी डब्यांत बंद करायची. शिक्षकाचीही अशीच एक आगोट असते, ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाही इतकेच. वार्षिक नियोजन, घटक नियोजन, टाचणवही, पटनोंदणीसाठी दारोदार फिरणे, नव्या वर्गाची हजेरी. जूनच्या मध्यास घंटा होते, पण शिक्षकाच्या मनात ती पंधरा दिवस आधीपासून वाजत असते.

गेल्या वर्षी अशाच दिवसांत रविवारच्या मिस्सानंतर एका तरुण शिक्षिकेने मला चर्चच्या आवारात थांबवले. मी निवृत्त मुख्याध्यापक. अशा गाठीभेटींची मला सवय आहे. ती म्हणाली, “सर, शाळा उघडायची वेळ आली की मला रात्र रात्र झोप येत नाही. मुलांचे चेहरे आठवून आनंद व्हायला हवा, पण मला त्यांची भीती वाटते. दोन वर्षे झाली. हे मी पापनिवेदनात सांगायला हवे का हो?” मी सवयीने उत्तर दिले, “प्रार्थना करा बाई, पहिला आठवडा गेला की सारे ठीक होते.” तिने मान डोलावली आणि ती निघून गेली. घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आले होते की एका माणसाने मला खरा नैतिक प्रश्न विचारला होता आणि मी त्याची बोळवण केली होती.

हा प्रश्न मला इतका का लागला, ते सांगणे भाग आहे. माझ्या हाताखाली एक बाई होत्या. ‘नाही’ हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. म्हणून शिष्यवृत्तीचे जादा तास त्यांना, स्नेहसंमेलन त्यांना, कोणी रजेवर गेले की बदली तास त्यांना, आणि सत्तर मुलांचा, ज्याला इतर शिक्षक टाळत असा वर्गही त्यांनाच. पाच सप्टेंबरच्या कार्यक्रमात मी त्यांच्याकडे पाहत बोललो होतो की शिक्षक हा मेणबत्तीसारखा असतो, स्वतः जळून तो इतरांना उजेड देतो. टाळ्या पडल्या. आठव्या वर्षी त्या बाईंनी एका मुलाच्या मुस्कटात मारली. वही आणली नाही एवढाच त्याचा अपराध. वर्गातला सर्वांत गरीब, सर्वांत मुका मुलगा. तो कित्येक दिवस शाळेत आला नाही. मी बाईंना ‘कारणे दाखवा’ नोटीस दिली. ती देणे नियमाला धरूनच होते. मला मात्र कोणी नोटीस दिली नाही.

आता, त्या थपडेचे पाप कोणाचे? एखादे कृत्य गंभीर पाप ठरण्यासाठी पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती लागते, असे आपली धर्मशिकवण सांगते. अतिश्रमाने झिजलेल्या मनाची संमती पूर्ण असत नाही, हे कोणताही अनुभवी पापनिवेदक मान्य करील. पण म्हणून त्या मुलाच्या गालावरचा वळ अर्धा होत नाही. अन्याय पूर्ण आणि दोष अपुरा, अशी ही स्थिती आहे. मग उरलेला दोष गेला कोठे? तो शोधत गेलो की बोट वर वर सरकत जाते: वेळापत्रक करणाऱ्याकडे, संस्थेकडे, शासनाकडे, आणि आपला मुलगा ‘त्याच बाईंच्या वर्गात’ हवा म्हणून आग्रह धरणाऱ्या पालकांकडेही.

ह्या थकव्याला आज जगभर ‘बर्नआउट’ म्हणतात. कॅथलिक वाचकांना ही प्रतिमा ग्रॅहम ग्रीन यांच्या ‘अ बर्न्ट-आउट केस’ ह्या कादंबरीवरून परिचित असेल. काँगोतील कुष्ठवसाहतीची ती कथा. रोग शमला, पण शरीराची हानी करूनच शमला, अशा रुग्णासाठी तेथे हे शब्द येतात. पुढे 1974 मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर ह्या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांची अवस्था सांगण्यासाठी हीच संज्ञा वापरली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की ते लोक कामचुकार नव्हते. सेवेच्या ओढीने आलेले होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये ह्या अवस्थेची नोंद आपल्या वर्गीकरणात केली, ती रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी निर्माण होणारी स्थिती म्हणून. म्हणजे वैद्यकही आता शिक्षकाच्या नाडीबरोबर शाळेचीही नाडी पाहू लागले आहे.

तरीही त्या तरुण बाईंच्या प्रश्नाचे आतले टोक ह्याने बोथट होत नाही. मुलांची भीती का वाटते? शिकवणे नकोसे का होते? इथे मला संत ऑगस्टीन यांचा आधार सापडला, आणि तो सापडल्यावर नवल वाटले की शिक्षकांच्या इतक्या शिबिरांत मी बसलो, पण हे कोणी कधी सांगितले नाही.

इ.स. 400 च्या सुमारास कार्थेजमधील देओग्राशियास नावाच्या एका उपगुरूने ऑगस्टीन यांना लिहिले की, श्रद्धेची ओळख करून घ्यायला आलेल्या नवख्यांना शिकवताना माझे बोलणे मलाच कंटाळवाणे वाटू लागते, मग ऐकणाऱ्यांची काय कथा! उत्तरादाखल ऑगस्टीन यांनी एक छोटे पुस्तकच लिहिले. ते त्याला रागे भरत नाहीत. आपले स्वतःचे बोलणे आपल्यालाही बहुधा नापसंत पडते, ह्या कबुलीनेच ते सुरुवात करतात. मग एखाद्या वैद्याच्या शांतपणाने ते कंटाळ्याची कारणे वेगळी करून दाखवतात. तेच तेच पाठ पुनःपुन्हा, बालबोध शब्दांत सांगावे लागतात. ऐकणारा दगडासारखा बसून राहतो. हातातले आवडते काम टाकून उठावे लागते. आपल्याच एखाद्या चुकीचे किंवा दुसऱ्याच्या अपराधाचे दुःख मनात सलत असते. कारण वेगळे, तसा उपायही वेगळा. तेच ते सांगण्याच्या शिणावर त्यांनी दिलेला दाखला फार सुंदर आहे: ज्या स्थळांवरून आपण रोज न पाहता जातो, ती पहिल्यांदाच आलेल्या मित्राला दाखवू लागलो की आपल्यालाही ती नवी होऊन भेटतात; आणि मैत्री जितकी गाढ तितके ते नवेपण अधिक. ऐकणारा थकलेला दिसला तर काय करावे? त्याला बसायला आसन द्यावे, असे हा महान धर्मपंडित सांगतो! आणि कामांच्या आखणीविषयीही ते एक शहाणपणाचे बोल ऐकवतात: आपल्या कामांचा क्रम जरूर लावावा, पण देवाच्या योजनेने तो मोडू लागला तर आपण सहज वाकावे, म्हणजे आपण मोडणार नाही. वार्षिक नियोजनाच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवावे असे मला वाटते. जुलैत अतिवृष्टीची सुटी लागते, ऑगस्टमध्ये कोणते तरी प्रशिक्षण येते, आणि एक एक तास मोजून केलेला तो तक्ता पहिल्या चाचणीपूर्वीच शिक्षकाच्या उरावर बसतो.

परंतु ऑगस्टीन यांचा उपदेश सगळ्या थकव्यावर लागू पडतो असे मी म्हणणार नाही. देओग्राशियासपुढे बसणारे मोजके होते. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात प्रत्येकाचा मित्र होऊन त्याला गाव दाखवायचे म्हटले तर वाटाड्याच रस्त्यात कोसळेल. तेथे निर्गमाच्या अठराव्या अध्यायातील इथ्रो उपयोगी पडतो. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करीत बसलेला आहे आणि लोक रांगेत ताटकळत उभे आहेत. सासरा पाहतो आणि स्पष्ट सांगतो की हे काही बरे नाही. तूही झिजशील आणि तुझे लोकही झिजतील. ‘लोकही’ हा भाग आपण वाचताना सोडून देतो. सर्व काही एकट्याने करणाऱ्या माणसामुळे ज्यांची सेवा करायची तेच थकतात. इथ्रो मोशेला ध्यानधारणा शिकवीत नाही, त्याच्या श्रद्धेचीही परीक्षा घेत नाही. तो वेळापत्रक बदलतो: हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेम. आणि हा सल्ला मिद्यानी याजकाचा, म्हणजे बाहेरच्या माणसाचा. आतल्या कोणाच्या ते ध्यानात आले नव्हते, किंवा आले असून बोलायची सोय नव्हती.

आपल्या देशाच्या कायद्याने ह्या बाबतीत थोडे इथ्रोचे काम केले आहे, हे पुष्कळ शिक्षकांनाही ठाऊक नसते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान 45 तास सांगितले आहेत, ते पूर्वतयारीचे तास धरून. पूर्वतयारी हे काम आहे, शिक्षकाच्या झोपेतून कापून घ्यायची फुकटची सेवा नव्हे, असाच ह्याचा अर्थ होतो. त्याच कायद्याचे 27 वे कलम जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका वगळता अशैक्षणिक कामांस मनाई करते. ही वगळलेली तीन कामेच किती मोठी आहेत आणि त्यांच्या मागोमाग ऑनलाइन माहिती भरण्याचे चौथे, पाचवे, सहावे काम कसे येते, ते शिक्षकांना सांगायला नको. आपल्या कॅथलिक संस्थांनाही येथे बाजूला राहता येणार नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981 च्या ‘लाबोरेम एक्झरसेन्स’ ह्या परिपत्रकात साप्ताहिक आणि वार्षिक विश्रांती हा कामगाराचा हक्क म्हटला आहे. शिक्षक हा कामगार नव्हे, तो ‘पाचारण’ लाभलेला आहे, असे म्हणून आपण ती ओळ त्याला लागू करीत नाही. पाचारण हा शब्द किती स्वस्तात वापरता येतो!

येथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. ख्रिस्ताने वेळापत्रक पाहिले होते काय? गव्हाचा दाणा मातीत पडून मेला पाहिजे, ही शिकवण आपलीच ना? क्रूस खांद्यावर घेणाऱ्याने पंचेचाळीस तास मोजत बसावे काय? ह्याचे उत्तर मला योहानाच्या दहाव्या अध्यायात दिसते. आपला प्राण आपल्यापासून कोणी हिरावून घेत नाही, तो आपण होऊन देतो, असे तेथे येशू सांगतो. देणे आणि काढून घेतले जाणे ह्यांत जे अंतर आहे तेच अर्पण आणि शोषण ह्यांतले अंतर. माझ्या त्या बाईंनी दिले असे मी समजत होतो. खरे तर मी घेत होतो आणि त्याला त्यागाचे नाव देत होतो. दुसऱ्याच्या त्यागाची स्तुती ज्याला त्यापासून लाभ होतो त्याने करू नये, हा साधा विवेक मला तेव्हा सुचला नाही. शिवाय तोच येशू दमून आलेल्या शिष्यांना, लोकांची रीघ लागलेली असताना, एकान्ती चला आणि थोडा विसावा घ्या, असे म्हणतो. गर्दी तेथेही त्यांच्या पाठोपाठ आली ही गोष्ट वेगळी.

शिक्षकाने विश्रांती घ्यावी, म्हणजे तो ताजातवाना होऊन अधिक काम करील, असे आजकाल व्यवस्थापनाचे तज्ज्ञ सांगतात. मला ह्यात काही तरी खटकते. अनुवादाच्या पाचव्या अध्यायातील शब्बाथाची आज्ञा दासदासींना, परक्यालाच नव्हे, तर बैलालाही आणि गाढवालाही विसावा देते, आणि कारण सांगते ते हे की तुम्ही मिसर देशात दास होता. बैल सोमवारी जास्त नांगरील म्हणून नव्हे. विसावा हे मोकळ्या माणसाचे लक्षण आहे. ‘स्कूल’ ह्या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत सवड, निवांतपणा ह्या अर्थी आहे, ह्याकडे जर्मन कॅथलिक तत्त्वचिंतक योसेफ पीपर यांनी लक्ष वेधले होते. ज्याला स्वतःला निवांतपणा ठाऊक नाही, तो मुलांना फार तर धावायला शिकवील.

संत बर्नार्ड यांनी गीतरत्नावरील एका प्रवचनात म्हटले आहे की शहाण्याने पाट होऊ नये, तळे व्हावे. पाट घेतो आणि लगेच ओतून टाकतो, तळे भरते आणि भरून वाहते. आम्हां वसईकरांना हे समजायला बर्नार्डांची गरज पडू नये. वाडीतले बावखल पावसाळ्यात भरते, त्याचे पाणी झिरपून शेजारची विहीर जिवंत राहते. बावखले बुजवली आणि विहिरींतून पंपाने उपसा चालू ठेवला, तेव्हा गोडे पाणी मचूळ झाले. पाणी संपले नव्हते. खारे झाले होते. त्या थपडेचा विचार करताना मला नेहमी हे आठवते.

त्या तरुण बाईंकडे मी चार दिवसांनी गेलो. तुमचे भय हे पाप नव्हे, तुम्ही ते निवेदनात सांगितलेत तरी धर्मगुरू तुम्हांला हेच म्हणतील, असे सांगितले. एलियाची गोष्ट काढली: रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडलेल्या त्या संदेष्ट्याला देवदूत भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो, प्रश्न पुढे होरेबावर विचारले जातात, आणि परत पाठवताना देव त्याला अलीशा सोबतीला देतो. मग आम्ही कागद घेऊन बसलो. त्यांच्याकडे नऊ जबाबदाऱ्या होत्या. त्यांपैकी तीन कोणी सांगितल्याच नव्हत्या, त्या आपोआप चिकटल्या होत्या. मागील वर्षाची टाचणे जशीच्या तशी वापरायला हरकत नाही, हे त्यांना पटवायलाच अर्धा तास गेला. पहिला आठवडा धडा न उघडता मुलांची नावे शिकायची, असे ठरले. मुख्याध्यापकांना भेटून स्नेहसंमेलनाचे काम दोघांत वाटून मागायचे, हेही ठरले. ह्याला मात्र त्या घाबरत होत्या, आणि त्यांचे घाबरणे मला समजत होते, कारण त्या खुर्चीत मी पुष्कळ वर्षे बसलो आहे.

दुसऱ्या बाई निवृत्त होऊन पलीकडच्या गावी राहतात. त्यांना मी अद्याप भेटलेलो नाही. त्या नोटिशीची कार्यालयीन प्रत शाळेच्या दप्तरात असेल किंवा वाळवीने खाल्ली असेल. मूळ प्रत त्यांच्यापाशी असणार. पाऊस लागण्यापूर्वी एका सकाळी जायचे मी ठरवले आहे.