चौथ्या क्रमांकावरचे सत्य

खरे सांगितले, पण अशा जागी की ते कुणाच्या नजरेत भरू नये. तर ते सांगितले असे म्हणता येईल का?

फुफ्फुसाच्या कर्करोगावरील गेफिटिनिब या गोळीला जुलै २००२मध्ये जगात सर्वप्रथम जपानने मान्यता दिली. घरी घ्यायची, सौम्य गोळी अशी तिची ख्याती आधीच पसरली होती. काही महिन्यांतच रुग्णांना धाप लागू लागली. वायुकोशांच्या भिंतींना सूज येणारा इंटरस्टिशियल न्यूमोनिया होऊन अनेक जण दगावले. ऑक्टोबरमध्ये माहितीपत्रकावर ठळक इशारा आला. पण हा आजार पहिल्या पत्रकातही होता: गंभीर दुष्परिणामांच्या यादीत, चौथ्या क्रमांकावर.

नातेवाईक न्यायालयात गेले. खाली काही अंशी जिंकले, वर हरले. एप्रिल २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांच्या विरोधात निकाल दिला. पत्रक तज्ज्ञ डॉक्टरांसाठी असते आणि हा आजार जीवघेणा ठरू शकतो हे त्यांना ठाऊक असते, हा निकालाचा गाभा.

मी अनुवादक आहे. हा युक्तिवाद मला परका नाही. वाचक कोण हे ठरवल्याशिवाय आम्हांला एक ओळ लिहिता येत नाही. काही वर्षांपूर्वी मी एका औषधाचे, रुग्णांसाठीचे पत्रक मराठीत आणले. मूळ मजकुरात मळमळ आधी, धाप शेवटी. मी क्रम राखला. पत्रक वाचणारी एखादी बाई धाप ‘वयामुळे असेल’ म्हणून अंगावर काढेल, हे मनात आले नाही असे नाही. पण क्रम बदलणे माझे काम नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सगळेच इशारे ठळक केले तर कोणताच ठळक राहत नाही, हेही खरे. भीतीपोटी औषध सोडणाराही जिवाला मुकतो. ठरावीक जनुकीय बदल असलेल्या कर्करोगात हीच गोळी गुणकारी ठरते, हे पुढे कळले. ती आजही दिली जाते.

तरीही एक गोष्ट उरते. डॉक्टरला ठाऊक असेल. पण धाप आधी जाणवते ती रुग्णाला, घरी, रात्रीबेरात्री. ज्याचा श्वास पणाला लागला आहे, त्यालाच वाचक न मानणारे सत्य अर्धेच सांगितलेले असते.

आता असे काम आले की मी आधी विचारते, धापेची ओळ वर घेता येईल का? बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असेच येते. तरी विचारते.