वेतनवाढीची कैफियत

खाजगी कचेरीतला मनुष्य, मग तो आपल्या कामात कितीही वाकबगार असो, वरिष्ठांकडे पगारवाढ मागावयास निघतो तेव्हा त्याच्या मनात जुळत असलेल्या युक्तिवादात कामाचा हिशेब क्वचितच अग्रभागी असतो. घरभाडे वाढले, मुलीला अभियांत्रिकीस प्रवेश मिळाला, वडिलांची औषधे महाग झाली, अशी प्रपंचाची कैफियतच तो सादर करतो, आणि ती सादर करताच जो मामला मोबदल्याचा होता तो मेहेरबानीचा होऊन बसतो. साहेबही मग कंपनीला यंदा दिवस कसे कठीण आहेत ते कळवळून सांगतात, आणि दोन गरजवंतांनी परस्परांचे सांत्वन करून ती मुलाखत संपते.

वस्तुतः गरजेचा हा प्रश्न व्यक्तिगत आर्जवाच्या कक्षेबाहेर काढण्याचा उपक्रम मुंबईत शंभर वर्षांपूर्वीच झालेला आहे. पहिल्या महायुद्धात भाव कडाडले, गिरणीमालकांनी महागाईबद्दल पगारावर काही टक्के जादा दिले, ते अपुरे पडून जानेवारी 1919 मध्ये लाखाहून अधिक कामगारांनी काम बंद ठेवले. आणि 1921 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने जुलै 1914 चे भाव शंभर धरून धान्य, जळण, कापड व घरभाडे यांचा निर्देशांक काढावयास आरंभ केला. आकडा रूक्ष खरा. परंतु धान्याची महागाई सरकारी तक्त्यातच नमूद होऊ लागली म्हणजे ती सांगण्यासाठी कुटुंबप्रमुखाला कोणापुढे गहिवरावे लागत नाही. केंद्र सरकारच्या नोकराचा महागाई भत्ता आज अशाच निर्देशांकावरून जानेवारी आणि जुलै या महिन्यांपासून सुधारला जातो, वर्षाला तीन टक्क्यांची वेतनवाढ निराळी. (त्या व्यवस्थेत हुशार आणि आळशी यांना बहुधा एकच माप लागते, हा तिचा दोष मला मान्य आहे.)

यावर खाजगी नोकरीचा अभिमानी म्हणेल की आम्ही गुणांवर वाढ मिळवितो. मिळवीतही असतील, परंतु गुणाचे मोल तुलनेवाचून ठरत नाही, आणि तुलनेची वाट तर नेमणूकपत्रातील वेतन गोपनीय राखण्याच्या कलमाने पुष्कळदा आधीच बंद केलेली असते. सर्वांचे पगारपत्रक मालकाच्या दप्तरी, नोकराच्या हाती फक्त स्वतःचा आकडा; अशा विषम स्थितीत स्वतःच्या कामाची किंमत तो कोणत्या आधारावर सिद्ध करणार? प्रपंचाचे रडगाणे तो गातो ते स्वभावदौर्बल्यामुळे नव्हे, तर त्याच्यापाशी दुसरा पुरावाच उरलेला नसतो म्हणून.

याच्या उलट पुण्यातील मोलकरणींचे पाहावे. 1980 साली त्यांनी संप केला आणि पुढे त्यांची संघटना उभी राहिली, हा इतिहास आहेच. पण संघटनेइतकेच बळ त्यांना आणखी एका गोष्टीने दिले असावे. भांड्यांचे किती, धुण्याचे किती, केर-फरशीचे किती, हे दर वस्तीत कोणी लपवीत नाही. म्हणून "पलीकडच्या सोसायटीत एवढे देतात, ताई, परवडत असेल तर बघा" असे मोलकरीण ताठ मानेने सांगू शकते. त्या ताईंचा हिंजवडीत नोकरीस असलेला मुलगा मात्र शेजारच्या मेजावरील सहकाऱ्याला पगार विचारणे असभ्यपणाचे समजतो, आणि मार्चअखेर साहेबांपुढे जाताना घरकर्जाच्या हप्त्याचा कागद खिशात ठेवतो.