पुस्तक उघडलंत तरी का?

बसा. निबंध तपासून झालेत, पण मी ते वाटणार नाही. वाटण्याजोगं त्यात काही नाही. विषय दिला होता एकोणिसाव्या शतकातल्या जगण्यावरची मराठी पुस्तकं. समाजावर निकाल सगळ्यांनी दिलाय. पुस्तक मात्र एकाच्याही निबंधात सापडत नाही. रूढीग्रस्त समाज, अज्ञानाचा काळोख, सुधारकांनी पेटवलेली मशाल! ही एकच मशाल अख्ख्या वर्गाच्या हाती लागली कशी? गाईडातून. त्यात स्वल्पविराम जिथे चुकलाय, तिथे तो तुम्हीही इमानेइतबारे चुकवलात.

गोडसे भटजी घ्या. एका महाभागानं लिहिलंय, १८५७च्या क्रांतीच्या ओढीनं विष्णुभट घराबाहेर पडले. कुठल्या पानावर सापडलं हे? वरसईचा हा भिक्षुक, घरावर कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, असं कानावर आलं म्हणून निघाला. वाटेत बंडाची बातमी लागली, पुढे झाशीच्या वेढ्यात सापडला, गाठीला बांधलेलं लुटलं गेलं. घरी परतला तो गंगेची कावड घेऊन. कर्ज, दक्षिणा आणि कावड यांत त्या माणसाचं सगळं जग आहे. तुम्ही त्याच्या हातात तलवार दिलीत.

बरं, उतारे कुठल्या आवृत्तीतले? १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी 'माझा प्रवास' छापला तो भाषेवर हात फिरवून, मजकुरात काटछाट करून. मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली बाहेर काढला. मग वैद्यांची वाक्यं घेऊन 'गोडशांच्या शैलीचा साधेपणा' यावर अर्धं पान कोणी भरलंय? हात वर करा. करा, करा. लाज नंतर वाटू द्या.

रमाबाई रानड्यांच्या बाबतीत तर कमाल आहे. लग्न १८७३ सालचं, तेव्हा त्या ११ वर्षांच्या. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' आल्या १९१० साली. मधली सदतीस वर्षं तुम्ही गिळलीत! ती मुलगी लिहीत नाहीये रे. लिहिणाऱ्या बाईनं नवरा गमावलाय, सेवासदनाचं काम अंगावर घेतलंय, आणि तिच्या नवऱ्याचं नाव घेताना लोक उभे राहतात, हे तिला ठाऊक आहे. घरातल्या बायकांचा जाच ती कुठल्या सुरात सांगते, नवऱ्याविषयी कुठे थांबते, कुठे पुढे सरकते, हे बघायला नको? विधवाविवाहाचा कैवार घेणारा माणूस वडिलांच्या हट्टापुढे नमतो, लहान मुलीशी लग्न करतो आणि पहिल्या दिवसापासून तिच्या शिकण्याची काळजी वाहतो. हा गुंता सोडवायचा सोडून तुम्ही 'दांभिक' असा शिक्का मारून मोकळे. शिक्के मारायला पोस्टात माणसं आहेत.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ला सगळ्यांनी 'करुण कहाणी' म्हटलंय. म्हणजे कोणीच वाचलेलं नाही. वडिलांचं सोवळ्याचं वेड, विसराळू नवरा, १८९५ साली त्यानं घेतलेला बाप्तिस्मा, एवढं सोसून ही बाई हसते आणि आपल्याला हसवते. ग्रंथालयातली प्रत मी बघून आलेय. तारखेच्या चिठ्ठीवर या वर्षाचा एक शिक्का नाही.

ताराबाई शिंदे. 'स्त्रीपुरुष तुलना हा स्त्रीवादी ग्रंथ आहे.' पुढे? बुलढाण्याच्या बाईनं लेखणी उचलली कशावरून? सुरतेकडची विजयालक्ष्मी, ब्राह्मण विधवा. पोटचं मूल मारल्याबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली, मग ती काळ्या पाण्यावर आली. त्यावर वर्तमानपत्रांनी बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं, तेव्हा ताराबाईंचं डोकं फिरलं. गर्भ ठेवणारा पुरुष कुठे गेला, हे विचारणारी ती रागाची भाषा आहे. पुस्तिका पुण्यात १८८२ साली छापली, प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. नंतर विसरली गेली ती थेट १९७५ सालापर्यंत, स. गं. मालशांनी पुन्हा छापली म्हणून आज अभ्यासक्रमात आहे. विजयालक्ष्मीचं नाव एकाही निबंधात नाही. एकाही!

फुल्यांबद्दल 'शेतकऱ्यांच्या दुःखाला वाचा फोडली' एवढं लिहून पूर्णविराम. 'असूड' उघडला असतात तर सारा, पाटाच्या पाण्याची पट्टी, जंगलखात्यानं बळकावलेली गायरानं दिसली असती. शेतकऱ्याच्या घरात शिरून फुले एकेक वस्तू दाखवतात. तळी-बंधारे बांधा, असे उपायही सांगतात. तुम्हाला दुःख हवं होतं, तेवढं उचललंत.

आणि 'यमुनापर्यटना'त विधवांचे हाल आहेत, कबूल. ते लिहिणारे बाबा पदमनजी पुस्तक येण्याच्या तीन वर्षं आधी ख्रिस्ती झाले होते, हे लक्षात कोणी घ्यायचं? त्यानं हाल खोटे ठरत नाहीत. पण कोण, कोणाला, काय पटवू पाहतंय, हे कळल्याशिवाय साक्ष तोलता येते का?

त्या माणसांना मागासलेलं ठरवायची तुम्हाला भारी घाई. तीनशे पानं वाचायचा कंटाळा आणि शंभर वर्षांचा न्याय एका वाक्यात!

तर ऐका. निबंध रद्द. सोमवारी प्रत्येकानं एकच पुस्तक, त्यातलं एकच पान आणायचं. त्या पानावर कोण आहे, काय खातंय, पैसा कुठून येतोय, कोण कोणाचा विटाळ मानतंय, आणि ते कोणी, किती वर्षांनी लिहिलं, तेवढंच लिहायचं. पान क्रमांकासकट. मशाल दिसली तर वही दाराबाहेर जाईल. ग्रंथालय पाचला बंद होतं. उठा.