योनाची सावली आणि आपली परसबाग

शास्त्रपाठ : योना ४:५–११



मे महिना लागला की आमच्या लालबर्रा भागातील धानाच्या बांध्या भेगाळून पडतात. पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. महिन्याच्या अखेरीस, ज्याला लोक नवतपा म्हणतात ते नऊ दिवस येतात, तेव्हा तर सकाळी नऊनंतर घराबाहेर पाऊल टाकवत नाही. अशा दिवसांत ज्याच्या परसात चार हिरवी झाडे आहेत त्याच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. हातपंपावर आयाबहिणी गुंड घेऊन रांगेत ताटकळत असताना आपण मोगऱ्याला पाणी घालावे काय? कोणी म्हणतात, विश्वासणाऱ्याने असल्या शौकात वेळ दवडू नये. कोणी म्हणतात, विहीर माझी, बाग माझी, इतरांना काय त्याचे? या दोन्ही बोलण्यांना योनाच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय उत्तर देतो. म्हणून तो आपण आज लक्षपूर्वक पाहू.

१. सावलीचा आनंद देवाकडून आहे

निनवे शहराच्या पूर्वेस योना रागावून बसला होता. डोक्यावर ऊन होते आणि स्वतः उभारलेला मांडव पुरा पडत नव्हता. तेव्हा देवाने त्याच्यासाठी एक झाड उगवले. मूळ इब्री शब्दाचा अर्थ कोणी एरंड असा करतात, कोणी भोपळ्याचा वेल असा करतात. दोन्ही आपल्या परसातील ओळखीची, रुंद पानांची आहेत. त्या सावलीत योनाला अतिशय आनंद झाला, असे शास्त्र सांगते. या छोट्या पुस्तकात योना आनंदित झाल्याचा उल्लेख एवढा एकच आहे! देवाने त्या आनंदाबद्दल त्याला दोष दिला नाही. उलट, त्याचा त्रास हलका व्हावा म्हणूनच ते झाड दिले होते.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातही एदेन बागेच्या झाडांविषयी ती दिसण्यात सुंदर होती हे आधी सांगितले आहे आणि खाण्यास चांगली होती हे त्यानंतर. तेव्हा दिवसभर घाम गाळून संध्याकाळी कडुनिंबाखाली खाट टाकणे, उमललेल्या मोगऱ्याचा वास घेणे, मुलांना पिकली पपई कापून देणे, यात पाप मुळीच नाही. ते देणाऱ्याचे आभार न मानता घेणे मात्र शोभत नाही.

२. बाग कष्टाने राखावी लागते

देव योनाला आठवण करून देतो की, त्या झाडासाठी तू श्रम केले नाहीस, ते तू वाढवले नाहीस. एदेनात मनुष्याला ठेवले तेव्हा मात्र मशागत आणि राखण ही दोन कामे त्याच्याकडे दिली होती. उन्हाळ्यात राखणीची खरी कसोटी लागते.

भर दुपारी शिंपडलेले पाणी बरेचसे उन्हातच उडून जाते. रोज वरवर थोडे शिंपडले तर मुळे वरच्याच थरात राहतात आणि एक दिवस चुकला की रोप मान टाकते. त्याऐवजी दोन-तीन दिवसांआड, सूर्य मावळल्यावर किंवा पहाटे, खोलवर ओल जाईल असे पाणी द्यावे, म्हणजे मुळेही खाली उतरतात. आळ्यात धानाचे तणस चार बोटे पसरावे. ते जमीन झाकते व ओल धरून ठेवते. खोडाला मात्र ते चिकटू देऊ नये, वाळवी लागते. लहान रोपाजवळ साधे, कच्च्या रंगाचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे व झाकण ठेवावे. माती कोरडी पडेल तसे मडक्यातून पाणी झिरपते आणि मुळांना तेवढेच मिळते. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी मोरीत न सोडता पपईला घालावे. आणि सगळेच वाचवता येणार नसेल तर निवड करावी. जुना मुनगा, मोठा कडुनिंब आपली सोय आपण पाहतात. यंदा लावलेल्या आंब्याच्या रोपाला आधी पाणी हवे. हंगामी फुले यंदा गेली तर पावसाळ्यात पुन्हा येतील.

यिर्मया सतराव्या अध्यायात परमेश्वरावर भाव ठेवणाऱ्याची तुलना पाण्याच्या काठी मुळे पसरलेल्या झाडाशी करतो. उष्णता आली तरी त्याला भीती नाही. आपली प्रार्थना व शास्त्रवाचन रोजच्या वरवरच्या शिंपणासारखे असेल तर पहिल्याच संकटात आपण सुकून जाऊ. खोल ओल असेल तर टिकू.

३. झाडाची कीव माणसापर्यंत पोहोचली पाहिजे

पहाटे एका किड्याने योनाचे झाड कुरतडले, ते वाळले, आणि पूर्वेचा उष्ण वारा सुटला. योनाला मरण बरे वाटू लागले. तेव्हा देवाने विचारले की, तुला या एका झाडाची कीव येते, तर एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे असलेल्या शहराची कीव मला येऊ नये काय? योनाला झाड आवडले हा त्याचा दोष नव्हता. त्याची कीव त्या झाडापाशीच थांबली, हा दोष होता.

याचे भयंकर टोक अहाब राजाच्या चरित्रात दिसते. वाड्याजवळ भाजीपाल्याची बाग हवी म्हणून त्याने नाबोथाचा द्राक्षमळा मागितला, आणि शेवटी नाबोथाचा जीव गेला. बागेची आवड माणसापेक्षा मोठी झाली की असे घडते.

दुसरे उदाहरण आपल्याच लोकांतले आहे. पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यात केडगाव येथे जमीन घेतली, ती फळबाग लावून शारदा सदनाला उत्पन्नाचा आधार व्हावा या हेतूने. इतक्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. तेव्हाच्या मध्य प्रांतात, म्हणजे आपला बालाघाट जिल्हा ज्या प्रांतात होता तेथे, लोक अन्नाविना मरत होते. रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळातच आईवडील गमावले होते. त्या इकडे आल्या आणि निराधार मुली व स्त्रियांना घेऊन गेल्या. ज्या जमिनीवर फळझाडांची योजना होती तेथेच त्यांना आसरा मिळाला, आणि त्यातून मुक्ती मिशन उभे राहिले. जमीन बागेसाठी घेतली म्हणून रमाबाईंनी उपाशी लेकींना दाराबाहेर ठेवले नाही.

तर मग मोगऱ्याला पाणी घालावे काय? घालावे, पण आधी गुंड, मग झाड. ज्याच्या विहिरीला मे महिन्यात पाणी आहे त्याने शेजारणीचा गुंड आधी भरू द्यावा, आणि तो कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा हे विचारू नये. फाटकाजवळच्या झाडाखाली वाटसरूसाठी रांजण ठेवावा. गुरांसाठी डोणी व पाखरांसाठी परळ भरावा, कारण देवाने निनवेच्या गुरांचीही गणती केली. मग उरलेल्या व वापरलेल्या पाण्यावर जी झाडे जगतील त्यांच्या सावलीत खुशाल आनंदाने बसावे, आणि आणखी एक खाट टाकून शेजाऱ्यालाही बोलवावे.

योनाचे पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपते. योनाने काय उत्तर दिले ते लिहिलेले नाही. या उन्हाळ्यात ते उत्तर आपण आपल्या परसात, आपल्या फाटकाशी द्यायचे आहे. त्यासाठी प्रभू आपणांस मोठे अंतःकरण देवो. आमेन.